कालवांचा खोटा कैवार

एखाद्या दुर्बळाचा कैवार घेऊन उठणाराविषयीं लोकांच्या मनांत सहजच आदर उत्पन्न होतो. आणि तो दुर्बळ जर मुका असेल, तर कैवाऱ्यास आणखी एक सोय मिळते. ती ही, कीं आपल्या वकिलानें आपली बाजू बरोबर मांडली किंवा नाहीं, हें त्या अशिलास कधींहि सांगतां येत नाहीं. समुद्रकांठच्या कालवांची, तिसऱ्यांची व शंखांची सध्यां अशीच गत झाली आहे. स्त्रीत्वाचें संप्रेरक, ज्यास इस्ट्रोजेन म्हणतात तें, व त्यासारखीं वागणारीं इतर द्रव्यें गटारांतून व कारखान्यांतून समुद्रांत उतरतात. तीं शिंपल्यांच्या पोटांत जातात. त्यामुळें नर शिंपल्या माद्या बनतात. आणि उद्यां खाडींत औषधाला सुद्धां कालव उरणार नाहीं, असें व्याख्यानांतून, वर्तमानपत्रांतून व शाळकरी मुलांच्या निबंधांतूनहि ऐकूं येतें. ही सांखळी ऐकावयास इतकी सोपी आहे कीं तिचा एखादा दुवा ओढून पाहण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. आम्ही तो ओढून पाहणार आहों. कारण ओहोटीच्या वेळीं गुडघाभर चिखलांत उभ्या राहून तिसऱ्या वेंचणाऱ्या व खडकावरचीं कालवें फोडून आणणाऱ्या ज्या बायका आहेत, त्यांचें पोट या प्रश्नावर आहे. आणि चुकीचें निदान करणाऱ्या वैद्याची फी ही अखेर रोग्याच्याच पदरांतून जाते.

जें खरें आहे तें प्रथम खरें म्हणून बाजूस काढूं, म्हणजे आम्ही गटारांचे भाट आहों असा आळ यावयास नको. या संप्रेरकांचा माशांवर परिणाम होतो, याविषयीं आतां शंका उरलेली नाहीं. इंग्लंडांतील नद्यांत, मैलापाणी शुद्ध करण्याचे कारखाने जेथें आपलें पाणी सोडतात त्याच्या खालच्या अंगास, रोच जातीच्या नर माशांच्या वृषणांत अंडपेशी सांपडल्या; हें जॉबलिंग, सम्प्टर प्रभृति संशोधकांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलें. कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांत केवळ प्रयोगांसाठीं राखून ठेवलेल्या तळ्यांपैकीं एकांत २००१ पासून २००३ पर्यंत, संततिनियमनाच्या गोळ्यांत असतें तें कृत्रिम इस्ट्रोजेन मुद्दाम मिसळण्यांत आलें. प्रमाण किती, तर लिटरमागें पांच-सहा नॅनोग्रॅम; आणि नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. एवढ्यानें फॅटहेड मिनो नांवाच्या लहानशा माशांची तेथील वस्ती जवळजवळ नष्ट झाली. हा पुरावा पक्का आहे, आणि मैलापाण्याच्या शुद्धीकरणावर खर्च करण्यास तो एकटाच पुरेसा आहे.

परंतु मासा म्हणजे कालव नव्हे. ही गोष्ट कोळ्याच्या पोरासहि ठाऊक असतांना आमच्या लेखकांस ती सांगावी लागते, याचें आश्चर्य वाटतें. संप्रेरक ही किल्ली, आणि पेशींत तिला घेणारें जें ग्राही प्रथिन असतें तें कुलूप. मासा व मनुष्य हे दोघेहि पृष्ठवंशी असल्यामुळें दोघांचें कुलूप बहुतांशीं एकाच लोहारानें घडविल्यासारखें आहे. कालव, तिसरी, शंख, माकूल हे प्राणी मृदुकाय वर्गांतले. त्यांचा वंश आणि आमचा वंश पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं फुटला. २००३ सालीं जोसेफ थॉर्नटन व त्यांचे सहकारी यांनीं ॲप्लिसिया नांवाच्या समुद्री गोगलगाईच्या शरीरांतून इस्ट्रोजेनच्या कुलपाचें भावंड शोधून काढलें, तेव्हां असें आढळलें कीं कुलूप आहे खरें, परंतु तें कायमचें उघडें आहे. त्यास किल्ली लागत नाहीं, आणि लावूं गेल्यास कांहीं फरकहि पडत नाहीं. पुढें ऑक्टोपस व कालव यांच्या बाबतींतहि असाच निकाल लागला. आतां जें दार मुळांत उघडेंच आहे, तें चोराच्या किल्लीनें उघडलें असें म्हणावयाचें असेल, तर म्हणणारानें निदान ती किल्ली कोणत्या भोंकांत शिरली हें दाखविलें पाहिजे.

याला उत्तर म्हणून दोन पुरावे पुढें करण्यांत येतात. पहिला असा, कीं अंड्यांतील बलकाचें पूर्वरूप जें विटेलोजेनिन, तें दूषित पाण्यांतील शिंपल्यांत वाढलेलें आढळतें. नर माशाच्या रक्तांत हें प्रथिन सांपडण्याचें कारणच नाहीं, म्हणून तेथें तें सांपडलें कीं गुन्हा शाबीत. शिंपल्यांच्या बाबतींत मात्र पुष्कळांनीं प्रत्यक्ष प्रथिन न मोजतां, त्यास चिकटलेला म्हणून समजला जाणारा फॉस्फरस तेवढा मोजला. आणि फॉस्फरस तर शरीरांत हजार ठिकाणीं असतो. चोराच्या खांद्यावर पांढरें उपरणें होतें म्हणून गांवांतील सारीं पांढरीं उपरणीं मोजून चोरांची शिरगणती करावी, तसा हा प्रकार. दुसरा पुरावा असा, कीं शिंपल्यांच्या मांसांत इस्ट्रॅडिओल सांपडतें, तेव्हां तें त्यांचें स्वतःचें संप्रेरक असलें पाहिजे. परंतु शिंपलीचा जन्म पाणी गाळण्यांत जातो. पाण्यांतलें संप्रेरक ती शोषून घेते, त्यास मेदाम्लाशीं जोडते आणि दीर्घकाळ सांठवून ठेवते, हें प्रयोगांनीं दिसून आलेलें आहे. ॲलेक्झांडर स्कॉट या ब्रिटिश संशोधकानें २०१२ व २०१३ सालीं या विषयावरील सारें वाङ्मय चाळून, मृदुकायांत पृष्ठवंशीयांचीं लिंगसंप्रेरकें काम करतात यास समाधानकारक पुरावा नाहीं, असा जो अभिप्राय दिला, त्यांत या गोष्टीचा मोठा वांटा होता. पखालींत पाणी सांपडलें म्हणून पखाल हा कांहीं झरा ठरत नाहीं.

याचा अर्थ शिंपल्यांस कांहीं होतच नाहीं असा मात्र नव्हे. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस एव्हन नदीच्या मुखाशीं स्क्रोबिक्युलेरिया नांवाच्या चिखलांत राहणाऱ्या शिंपलीच्या कांहीं नरांत अंडपेशी सांपडल्याचें २००६ सालीं प्रसिद्ध झालें. तें नाकारण्याचें कारण नाहीं. इस्ट्रोजेनच्याच नांवानें पंचनामा भरण्याची घाई मात्र नको. जर्मनींत ओलमान यांनीं २००० सालीं बिस्फेनॉल या प्लास्टिकमधील द्रव्यानें मारिसा जातीच्या गोगलगाई अतोनात अंडीं घालूं लागतात व त्यांच्या अंडवाहिन्या फुटतात असें जाहीर केलें. कांहीं वर्षांनीं फोर्ब्स यांच्या गटानें तेच प्रयोग करून पाहिले, तों त्यांस कांहींच दिसलें नाहीं. हा दुसरा प्रयोग बिस्फेनॉल तयार करणाऱ्या कारखानदारांच्या पैशानें झाला होता, हेंहि वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. या वादांत कोण खरा हें ठरविणें आमच्या आवांक्याबाहेरचें आहे. पण ज्या विषयांत तज्ज्ञांतच एवढें रण माजलें आहे, त्याचा निकाल आमच्या वक्त्यांस मात्र आधींच कळलेला असतो!

इतकें वाचल्यावर दुसऱ्या पक्षाची मंडळी समाधानानें हात चोळीत पुढें येतील. हीं मंडळी कारखान्यांच्या व बंदरांच्या कचेऱ्यांत नेहमीं भेटतात. ‘पाहा, आम्ही म्हणत नव्हतों? कुलूपच नाहीं, तर चोरी कसली? आधीं द्रव्य शरीरांत नेमकें कसें काम करतें तें दाखवा, आणि मग बंदीची भाषा बोला.’ यांच्याशीं आमचें भांडण पहिल्या पक्षाहून अधिक कडाक्याचें आहे. पहिला पक्ष नुसता उतावळा. हा पक्ष सावध आहे, आणि त्याची सावधगिरी आजवर कोणास किती महाग पडली याचा हिशेब उपलब्ध आहे.

तो हिशेब कथिलाचा आहे. जहाजाच्या तळास शेवाळ, कालवें व शिंपल्या चिकटल्या म्हणजे जहाज जड होतें, त्याचा वेग मंदावतो आणि इंधन जास्त जळतें. यावर उपाय म्हणून १९६० नंतर ट्रायब्यूटिल टिन या कथिलाच्या सेंद्रिय संयुगाचा रंग तळास देण्याची चाल पडली. रंग उत्तम होता. त्यावर कांहीं चिकटत नसे, कारण चिकटूं पाहणारें मरत असे. लवकरच फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरील आर्काशों या उपसागरांत विलक्षण प्रकार दिसूं लागला. हा उपसागर कालवांच्या शेतीसाठीं नामांकित. तेथें दर वर्षीं दहा ते पंधरा हजार टन कालवें निघत. १९७५ च्या सुमारापासून त्यांच्या शिंपांस फोड आल्यासारखें होऊं लागलें. शिंपेच्या थरांमध्यें पोकळ्या पडून त्यांत बुळबुळीत द्रव सांचे, आणि कालव चपटें वाढण्याऐवजीं चेंडूसारखें फुगे. पुढें तर पिलांचें बसणेंच बंद पडलें. १९८१ सालीं उत्पन्न सुमारें तीन हजार टनांवर आलें. क्लोद आल्झ्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या साऱ्याचा संबंध त्या उपसागरांत नांगरलेल्या हजारों हौशी नौकांच्या रंगाशीं जोडला, आणि १९८२ च्या जानेवारींत फ्रेंच सरकारनें २५ मीटरांहून कमी लांबीच्या नौकांस तो रंग देण्याची मनाई केली. मनाईनंतर पिलें पुन्हां बसूं लागलीं.

आतां त्या सावध मंडळींस आमचा प्रश्न असा आहे, कीं १९८२ सालीं फ्रेंच सरकारास त्या कथिलाचें कुलूप ठाऊक होतें काय? मुळींच नव्हतें. कालव फुगतें, पिलें बसत नाहींत, आणि जेथें नौका अधिक तेथें हा उपद्रव अधिक, एवढेंच त्यांस ठाऊक होतें. आणि तेवढें पुरें झालें.

याच सुमारास इंग्लंडांत दुसरें प्रकरण चाललें होतें, आणि तें आमच्या विषयाच्या अधिक जवळचें आहे. प्लिमथच्या खडकांवर डॉग व्हेल्क नांवाचा लहानसा शंख राहतो. त्याच्या माद्यांच्या उजव्या शिंगाच्या मागें नराचें इंद्रिय उगवलेलें ब्लेबर यांनीं १९७० सालीं नमूद केलें. अमेरिकेंत स्मिथ यांनीं दुसऱ्या एका शंखांत हेंच पाहून १९७१ सालीं त्यास ‘इंपोसेक्स’, म्हणजे लादलेलें लिंग, असें नांव दिलें, आणि १९८१ सालीं नौकांच्या रंगांतील कथिलाकडे बोट दाखविलें. प्लिमथच्या ब्रायन व गिब्स यांनीं पुढें या प्रकरणाची जी छाननी केली, ती शास्त्रीय कामाचा नमुना म्हणून आमच्या प्रत्येक कॉलेजांत वाचली जावी अशी आहे. लिटरमागें सुमारें एक नॅनोग्रॅम कथिलानेंहि हा विकार होतो, असें त्यांनीं दाखविलें. प्रमाण थोडें वाढलें कीं मादीच्या अंगांत नराची नलिका वाढत जाते व तिनें अंडीं बाहेर पडण्याची वाटच बुजते. अंड्यांच्या पिशव्या आंत सांचतात, कुजतात, आणि कांहीं माद्या अक्षरशः फुटून मरतात. या शंखाचीं पिलें कालवाच्या पिलांप्रमाणें पाण्यावर तरंगत दूर जात नाहींत. तीं खडकावर चिकटविलेल्या पिशवींतून निघून तेथल्या तेथेंच सरपटतात. म्हणून ज्या खडकावरच्या माद्या गेल्या, त्या खडकावर शेजारून कोणी लवकर वस्तीस येत नाहीं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील खडकांमागून खडक असे ओस पडले. १९८७ सालीं ब्रिटिश सरकारनेंहि लहान नौकांपुरती बंदी घातली. मोठ्या जहाजांचा बंदोबस्त व्हावयास मात्र आंतरराष्ट्रीय करार लागला. तो २००१ सालीं ठरला, आणि त्याचा अंमल २००८ च्या सप्टेंबरांत सुरू झाला.

आणि कुलूप? तें २००४ सालीं सांपडलें. तोंपर्यंत पंडितांची समजूत अशी होती, कीं कथील हें पुरुषसंप्रेरकाचें स्त्रीसंप्रेरकांत होणारें रूपांतर अडवितें, व त्यामुळें मादीस नरत्व येतें. म्हणजे येथेंहि पृष्ठवंशीयांचा चष्मा शंखाच्या नाकावर चढविलेला! जपानांतील निशिकावा, होरिगुची वगैरे संशोधकांनीं दाखविलें, कीं कथील रेटिनॉइड एक्स या निराळ्याच ग्राहीस जाऊन चिकटतें, आणि त्याच ग्राहीची नैसर्गिक किल्ली समजलें जाणारें, ‘अ’ जीवनसत्त्वापासून होणारें एक आम्ल मादी शंखास टोंचलें, तर कथिलाशिवायहि तिला नराचें इंद्रिय फुटतें. बंदी १९८२ ची. कारणाचा उलगडा २००४ चा. मधल्या बावीस वर्षांत फ्रेंच सरकार ‘आधीं कुलूप दाखवा’ म्हणून हात जोडून बसलें असतें, तर आर्काशोंच्या कालवांचें काय झालें असतें, हें सांगावयास ज्योतिषी नको.

या ठिकाणीं एका गोष्टीकडे दुर्लक्ष करवत नाहीं. समुद्रांतील मृदुकायांवर संप्रेरकांच्या गोंधळानें ओढवलेली जी सर्वांत मोठी व निर्विवाद आपत्ति, ती माद्यांना नरत्व येण्याची आहे; तींत मेल्या त्याहि माद्याच. असें असून आमच्या व्याख्यात्यांच्या तोंडीं जी ओरड आहे, ती नर माद्या होत असल्याची! असें कां व्हावें? आम्हांस तर असा संशय येतो, कीं वक्त्यांस शिंपलीची काळजी नसून स्वतःच्या पुरुषत्वाची आहे, आणि बिचाऱ्या शिंपलीस साक्षीदार म्हणून फुकट पिंजऱ्यांत उभें केलें आहे. यांतच गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांस दोष देण्याचीहि सोय होते. वस्तुतः मैलापाण्यांतील इस्ट्रोजेनचा मोठा भाग मनुष्याच्या व गुरांच्या मूत्रांतून येणाऱ्या नैसर्गिक संप्रेरकांचा असतो. गोळ्यांतील कृत्रिम द्रव्य वजनानें थोडें, परंतु जालीम. त्याचा विचार अवश्य व्हावा. तथापि जहाजांचें इंधन वांचावें म्हणून ज्यांनीं समुद्रांत कथील सोडलें त्या कंपन्यांचा उल्लेखहि न करतां, कुटुंब मर्यादित ठेवूं पाहणाऱ्या गृहिणींस कालवांच्या खुनाबद्दल जबाबदार धरणें, हा न्याय कोणत्या स्मृतींतला?

आतां घरचा हिशेब पाहूं. हा विकार आपल्या किनाऱ्यावर नाहीं असें कोणास वाटत असेल, तर त्याचा भ्रम १९९९ सालींच दूर व्हावयास पाहिजे होता. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतील विश्वकिरण व अनिल यांनीं गोव्याच्या किनाऱ्यावर ज्या शंखांत इंपोसेक्स सांपडल्याची नोंद त्या वर्षीं प्रसिद्ध केली, त्याचें शास्त्रीय नांव क्रोनिया कोंकणेन्सिस! कोंकणचें नांव धारण करणारा प्राणी कोंकणच्या समुद्रांत विकृत झाला. पण मराठींत त्याच्यावर अग्रलेख निघाल्याचें आमच्या तरी वाचनांत नाहीं. २००६ सालीं गायरिनियम या दुसऱ्या शंखाविषयीं त्याच संस्थेंतून माहिती आली. आणि जहाजांच्या घातक रंगांस मनाई करणारें कलम आपल्या संसदेनें नौकानयनाच्या कायद्यांत घातलें, तें २०१४ सालीं! वरातीमागून घोडें म्हणतात तें हेंच. फक्त येथें वरात परक्यांची होती, आणि घोडें यावयास पंधरा वर्षें लागलीं.

कायदा झाला म्हणून काम संपलें असेंहि नाहीं. कथील चिखलांत बसतें, आणि बंदरांतील गाळ उपसला कीं पुन्हां वर येतें. कथिलाच्या जागीं आलेल्या द्रव्यांपैकीं सायब्युट्रिन हें एक. तेंहि घातक ठरून जहाजांवर लावण्यास २०२३ पासून आंतरराष्ट्रीय मनाई झाली. एक विष काढावें, दुसरें घालावें, आणि वीस वर्षांनीं तेंहि काढावें, असा हा खेळ आहे. अशा वेळीं आमचे कैवारी खाडीच्या कांठीं उभे राहून इस्ट्रोजेनचीं प्रवचनें करतात, आणि त्यांच्या पाठीमागें वाळूचा पंप तिसऱ्यांची वस्ती मुळासकट उपसून होडींत भरीत असतो! आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं. तिसरी वाळूंतच राहते. वाळू गेली, तर तिच्या संप्रेरकांची चिकित्सा कोणाच्या अंगावर करावयाची?

मैलापाणी शुद्ध करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांतील रोगजंतू, प्राणवायूची ओढ व धातू यांच्यामुळें कालवें नासतात व खाणारास रोग होतो, एवढें कारण त्यास पुरे आहे. तेथें संशयित कारण पुढें केल्यानें खरें कारणहि दुबळें होतें. उद्यां एखादा सावध वकील उठून संशयित कारण खोडून काढील, आणि त्याबरोबर खऱ्या कारणाचाहि निकाल लागला असें न्यायाधीशास वाटेल. प्रयोजन उत्तम असलें म्हणजे पुरावा कच्चा चालतो, हा समज आमच्या सुधारकांनीं सोडून द्यावा.

पाहावयाचें कसें, याचें उत्तर ब्रायन व गिब्स यांनीं देऊन ठेवलें आहे, आणि तें फार स्वस्त आहे. शंख वेंचावा, शेगड्यांत धरून कवच फोडावें, भिंगाखालीं नर कोण व मादी कोण हें ठरवावें, आणि मादीस नराचें इंद्रिय असल्यास त्याची लांबी मोजावी. यास कोट्यवधि रुपयांचीं यंत्रें नकोत. पाण्यांतील नॅनोग्रॅम जें सांगणार नाहीं, तें शंख आपल्या अंगावर लिहून दाखवितो. कालव भरलेलें आहे कीं पाणचट झालें आहे, पिलें खडकावर कोणत्या महिन्यांत बसतात, कोणत्या वर्षीं बसलीं नाहींत, हें वेंचणाऱ्या बायकांस कोणत्याहि प्राध्यापकापूर्वीं कळतें. पण त्यांस विचारून वहींत उतरणारा कोणी नाहीं. रत्नागिरीस शिरगांवचें मत्स्य महाविद्यालय आहे, मालवणपासून अलिबागपर्यंत प्राणिशास्त्र शिकविणारीं कॉलेजें आहेत, आणि तेथील विद्यार्थ्यांस दर वर्षीं प्रबंधासाठीं विषय सांपडत नाहीं अशी तक्रार आम्ही ऐकतों. त्यांनीं अमावास्येच्या मोठ्या ओहोटीस मिरकरवाड्याच्या बंदराजवळून पन्नास शंख वेंचावे, जहाजांच्या वाटेपासून दूर असलेल्या एखाद्या खडकावरून त्याच जातीचे आणखी पन्नास वेंचावे, दोहोंतील विकृत माद्या मोजाव्या, आणि पुढील वर्षीं त्याच तिथीस पुन्हां मोजाव्या. ते आंकडे आले तर त्यांस अर्धें पान द्यावें, एवढी आमची या मासिकाच्या संपादकांस विनंति आहे.